पूर्व विदर्भातील मुलग्यांचा समारंभाचा पोशाख

पूर्व विदर्भातील मुलग्यांचा समारंभाचा पोशाख या विषयात बारसे, जावळ, मुंज, लग्न, सणवार, दरबार, शाळा आणि राष्ट्रीय उत्सव अशा प्रसंगी साधारण पंधरा वर्षांखालील मुलग्यांना घालण्यात येणाऱ्या वस्त्रांचा समावेश होतो. प्रस्तुत लेख मुख्यतः गोंदिया जिल्हा आणि त्याच्या भोवतालचा झाडीपट्टीचा प्रदेश यांविषयी आहे. तुलनेसाठी उर्वरित महाराष्ट्राचे, तसेच जेथे उपयोग होईल तेथे युरोप-अमेरिकेतील प्रथांचे उल्लेख केले आहेत. घरच्या वापरातील लंगोट, चड्डी, पंचा यांचा विचार येथे केवळ ओघाने केला आहे.

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर ब्रिटिशांच्या ताब्यात, १८६१ पासून मध्यप्रांतात, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात असा फिरत आला आहे. पूर्वेस छत्तीसगड, उत्तरेस बालाघाट. मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी अशा भाषा येथे शेजारी शेजारी बोलल्या जातात. पोशाखातही हीच सरमिसळ दिसते. पुण्याकडील अंगरखा-पगडीचे वळण येथे नागपूरमार्गे आले, तर जामा, कुडता आणि साफा हे प्रकार उत्तरेकडून आले. कोणता प्रकार अस्सल आणि कोणता उसना, असा निवाडा करण्याचा प्रयत्न या प्रदेशापुरता तरी व्यर्थ आहे.

कापडाच्या बाबतीत हा मुलूख स्वयंपूर्ण होता. भंडारा, मोहाडी, आंधळगाव, पवनी येथील कोष्टी विणकरांची धोतरे, उपरणी आणि लुगडी प्रसिद्ध होती. जंगलातील ऐन आणि अर्जुन या झाडांवर ढीवर समाजातील लोक टसर रेशमाचे किडे वाढवीत, आणि त्या कोशांपासून निघालेल्या सुताला व कापडाला ‘कोसा’ म्हणत. मळकट सोनेरी रंगाचा कोसा सोवळ्यास चालत असे, टिकाऊ असे आणि वर्षानुवर्षे पेटीत राहिला तरी खराब होत नसे. त्यामुळे आजोबांच्या कोशाच्या उपरण्यातून नातवाचे पहिले धोतर निघणे ही नवलाची गोष्ट नव्हती. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला आणि गोंदिया हे स्थानक, पुढे जंक्शन, उदयास आले. गिरणीचे स्वस्त मांजरपाट, लठ्ठा आणि छापील चीट गावोगावच्या बाजारात पोहोचू लागले. मुलांच्या पोशाखात त्यानंतर जे बदल झाले, त्यांच्या मुळाशी फॅशनपेक्षा हा लोहमार्ग आणि ही गिरणी अधिक आहेत.

तान्हेपणीची वस्त्रे

बाळाचे पहिले समारंभी वस्त्र म्हणजे कुंची. चौकोनी कापडाची एक बाजू मिटून डोक्यावर बसेल अशी टोकदार टोपी करायची आणि उरलेले कापड पाठीवर मोकळे सोडायचे, अशी तिची रचना असते. खणाची, रेशमी काठाची किंवा जुन्या लुगड्याची कुंची शिवीत. कडेला झालर, टोकाला गोंडा आणि ऐपत असल्यास जरीची पट्टी लावीत. कुंचीच्या आत अंगडे व टोपडे असे. अंगडे म्हणजे पुढून बंदांनी बांधायचा सैल सदरा. बटणे बाळाला टोचतात म्हणून बंद, असे व्यावहारिक कारण त्यामागे होते. झबले हा त्यानंतरचा प्रकार. ते डोक्यातून घालतात आणि मुलगा असो की मुलगी, त्याची बेतणी एकच असते.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत होणाऱ्या बोरन्हाणाला, ज्याला विदर्भात शिशूलूट किंवा नुसते लूट असेही म्हणतात, बाळाला काळे झबले घालून हलव्याचे दागिने चढवितात. मुलग्यासाठी हलव्याचा मुकुट, बाजूबंद, बासरी, हार असा कृष्णाचा थाट करण्याची पद्धत आहे. मंगलप्रसंगी वर्ज्य मानलेला काळा रंग येथे मात्र आवर्जून वापरतात, हा या समारंभाचा विशेष होय.

मुलग्याच्या अंगावर वस्त्राइतकेच दागिनेही असत. कमरेला करदोटा, पायांत वाळे, हातांत मनगट्या किंवा बिंदल्या, गळ्यात ताईत, कानात बाळी. जंगलालगतच्या गावांत ऐपतदार घरी वाघनख सोन्यात किंवा चांदीत मढवून मुलाच्या गळ्यात घालीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघनख बाळगणे गुन्हा ठरले. नागझिरा-नवेगावच्या परिसरात आज जुन्या पेटीतील असा दागिना हा वारशापेक्षा अडचणीचा विषय असतो.

ज्या घरात आधीची मुले दगावली असतील, तेथे मुलग्याला दगडू, केरू, भिकू अशी नावे ठेवीत, नाक टोचीत, केस वाढवून वेणी घालीत आणि काही काळ मुलीचे कपडेही घालीत. नवसाच्या मुलावर कोणाची नजर जाऊ नये, ही त्यामागची भावना. याची तुलना अनेकदा युरोप-अमेरिकेतील प्रथेशी केली जाते. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मुलगेही चार ते सात वर्षांचे होईतो झग्यातच वावरत, आणि पहिली तुमान चढविण्याचा दिवस घरगुती समारंभाचा असे. दोन्हींत बाह्य साम्य आहे, कारणे मात्र वेगळी आहेत. तिकडे झगा हा सर्व मुलांचा नित्याचा पोशाख होता आणि त्यामागे मुख्यतः सोय होती. इकडे ती अपवादात्मक आणि भीतीपोटी केलेली योजना होती. बालमृत्यू कमी होत गेले तशी ती नाहीशी झाली.

अंगरखा, बाराबंदी आणि टोपी

पाच-सहा वर्षांच्या पुढील मुलग्याचा समारंभाचा पोशाख हा बराच काळ मोठ्या माणसाच्या पोशाखाची लहान आवृत्ती होती. मुलांसाठी स्वतंत्र बेतणी असावी ही कल्पनाच उशिरा आली, आणि ती केवळ भारतात उशिरा आली असेही नाही. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस मुलग्यांसाठी आखूड जाकिटाला बटणांनी तुमान जोडलेला वेगळा सूट निघाला. त्यापूर्वी तेथील श्रीमंतांची मुलेही बापाच्याच थाटाचे कपडे घालीत.

सधन घरांतील मुलग्याला सणाला मलमलीचा किंवा मांजरपाटाचा अंगरखा, धोतर किंवा तंग विजार, कमरेला शेला आणि डोक्याला जरीची टोपी असे. बाराबंदी हा अंगरख्याहून आखूड, कमरेपर्यंतचा, पुढे एकावर एक येणारे पदर बंदांनी बांधण्याचा प्रकार होय. बारा बंद म्हणून बाराबंदी. लहान मुलाच्या बाराबंदीला प्रत्यक्षात बारा बंद असतीलच असे नाही. शेतकरी घरांत तिच्या जागी बंडी किंवा सलुका असे. बंडीला बाह्या नसत किंवा आखूड असत, आणि दोन्ही बाजूंना खिसे असत. झाडीपट्टीत धानाच्या रोवणीच्या दिवसांत मुलेही शेतात असल्याने नवे कपडे पोळ्याला किंवा दिवाळीलाच शिवीत. तेही वर्षातून एकदा.

डोके उघडे ठेवणे हे अशुभ आणि उद्धटपणाचे समजले जाई. त्यामुळे टोपी हा मुलाच्या पोशाखातील सर्वांत औपचारिक भाग होता. अंगात सदरा फाटका असला तरी चालत असे, पण शाळेत किंवा देवळात बोडके जाणे चालत नसे. पागोटे किंवा फेटा बांधण्याचा मान वयात आल्यावर मिळे, आणि वडील गेल्यावर तेराव्या दिवशी थोरल्या मुलाच्या डोक्याला पागोटे बांधीत. तो मुलगा आठ-दहा वर्षांचा असला तरी त्या क्षणापासून घराचा कर्ता ठरे. मुलग्याच्या अंगावर चढणाऱ्या समारंभी वस्त्रांपैकी हेच एक असे होते की, ज्याची कोणी वाट पाहत नसे.

राजघराण्यांत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडे. सवाई माधवराव पेशवे १७७४ मध्ये जन्मल्यानंतर अवघ्या चाळीस दिवसांचे असताना त्यांच्या नावे पेशवाईची वस्त्रे आणण्यात आली. येथे ‘वस्त्रे’ हा शब्दच अधिकारपदाचा वाचक झाला आहे. एक शतकानंतर, १८७५ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. गादीबरोबर दरबारी पोशाख आणि रत्ने आलीच. छत्तीसगडातील संस्थानिकांच्या व जमीनदारांच्या मुलांसाठी राजकुमार कॉलेज १८८२ मध्ये जबलपुरात निघाले व १८९४ मध्ये रायपूरला हलविले गेले. अशा कॉलेजांतून बंद गळ्याची अचकन आणि साफा हा ‘राजपुत्राचा गणवेश’ म्हणून रूढ झाला. अजमेरचे मेयो कॉलेज हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. आज लग्नात पाच वर्षांच्या मुलाला शेरवानी घालतात, तिचा वंश या अचकनीपर्यंत पोहोचतो.

मुंजीचा पोशाख

मुंज हा विधी ठरावीक जातींपुरता मर्यादित असला तरी मुलग्याच्या पोशाखाच्या दृष्टीने तो सर्वांत तपशीलवार आहे, कारण त्यात एका दिवसात मुलाचे कपडे अनेकदा बदलतात. मातृभोजनाला तो घरातील लाडक्या मुलाच्या वेषात असतो. क्षौरानंतर अंगावर उरते ती लंगोटी, मुंज गवताची मेखला, यज्ञोपवीत, हरणाच्या कातड्याचा लहानसा तुकडा आणि हाती पळसाचा दंड. पूर्व विदर्भात पळसाला तोटा नाही. ज्या काठीसाठी शहरातील पुरोहितांना शोधाशोध करावी लागते, ती येथे गावाच्या वेशीवर मिळते. संध्याकाळी भिक्षावळीच्या मिरवणुकीत तोच बटू जरीची टोपी, रेशमी अंगरखा किंवा कोट, गळ्यात गोप आणि कपाळाला मुंडावळ्या अशा थाटात निघतो. संन्यस्त वेषाच्या पाठोपाठ हा राजस वेष का, याचे शास्त्रीय उत्तर फारसे समाधानकारक नाही. मिरवण्याची हौस हेच खरे कारण असावे. सोडमुंजीच्या वेळी धोतर, टोपी, जोडा, छत्री आणि काठी देऊन मुलाला काशीयात्रेस निघाल्याचे नाटक करावयास लावतात आणि मामा त्याला परत आणतो.

बालवराचा पोशाख

बालविवाहाच्या काळात आठ-दहा वर्षांचे नवरदेव सर्रास असत. त्यांचा पोशाख मोठ्या वराचाच असे. हळदीने पिवळे केलेले धोतर किंवा घोळदार जामा, खांद्यावर शेला, डोक्याला फेटा, त्यावर बाशिंग, हाती कट्यार किंवा अडकित्ता. शेतकरी आणि आदिवासी समाजांत शिंदीच्या पानांचे बाशिंग करीत. जामा पायघोळ असल्याने लहान वर त्यात अडखळे, म्हणून त्याला कोणीतरी कडेवर किंवा खांद्यावर घेऊन मांडवात आणीत असे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, जो सारडा कायदा म्हणून ओळखला जातो आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, मुलाचे किमान वय १८ आणि मुलीचे १४ ठरविले. कायदा झाल्यावरही अशी लग्ने एकदम थांबली नाहीत. तरीही बालवराचा पोशाख शिवण्याचा धंदा हळूहळू मावळला, आणि आता तो वेष लहान मुलांच्या अंगावर केवळ स्नेहसंमेलनात दिसतो.

मखमल, कोट आणि छायाचित्र

विसाव्या शतकाच्या आरंभी सधन घरांतील मुलग्यांच्या पोशाखात मखमलीने प्रवेश केला. कलाबतूचे भरतकाम केलेले मखमली जाकीट, त्याच कापडाची टोपी आणि खाली पांढरी विजार किंवा आखूड तुमान, असा हा थाट असे. गोंदियात भाताच्या गिरण्या, विडीचा व्यापार आणि रेल्वे यांच्या निमित्ताने गुजराती, मारवाडी, सिंधी, बंगाली अशी कुटुंबे स्थायिक झाली, आणि त्यांच्या मुलांच्या पोशाखाचे अनुकरण स्थानिक मालगुजारांच्या घरांतून झाले.

याच सुमारास पाश्चात्त्य मुलांचे दोन पोशाख भारतात येऊन पोहोचले. पहिला खलाशी सूट. १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा पाच वर्षांपूर्वी जन्मलेला मुलगा एडवर्ड याचे खलाशाच्या वेषातील चित्र विंटरहाल्टर या चित्रकाराने काढले, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरच्या मुलग्यांना पाठीवर चौकोनी पडणारी, निळ्या पट्ट्यांची कॉलर मिळाली. दुसरा अमेरिकेतून निघालेला. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही कथा १८८५-८६ मध्ये मासिकातून क्रमशः व १८८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या बालनायकाचा काळा मखमली कोट, गुडघ्यापर्यंतची तुमान, लेसची रुंद कॉलर आणि खांद्यावर रुळणारे कुरळे केस यांनी अमेरिकन मातांना वेड लावले. मुलांना हा वेष मुळीच आवडत नसे, हेही तितकेच प्रसिद्ध आहे. भारतात खलाशी सूट अधिक रुजला, कारण तो सुती होता आणि धुता येत असे. मराठीत मुलांच्या एकाच कापडाच्या सदरा-चड्डीला ‘बाबासूट’ हे नाव मिळाले. तो या पाश्चात्त्य बालवेषांचा दूरचा नातेवाईक म्हणावा लागेल.

या वेषांचा प्रसार स्टुडिओतील छायाचित्रांमुळे झाला. रंगविलेल्या पडद्यापुढे, वेताच्या खुर्चीला टेकून, एका हातात पुस्तक धरलेला मुलगा ही त्या काळातील ठरलेली रचना. अनेक स्टुडिओंत मुलांसाठी कोट आणि टोप्या भाड्याने ठेवलेल्या असत. त्यामुळे जुन्या छायाचित्रांवरून त्या काळच्या पोशाखाविषयी निष्कर्ष काढताना सावध राहिले पाहिजे. छायाचित्रातील कोट त्या मुलाचाच असेल याची खात्री नसते, आणि बहुसंख्य मुलांचे छायाचित्र कधी निघालेच नाही.

गांधी टोपी

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर पांढरी खादीची टोपी विदर्भातील मुलांच्या डोक्यावर आली. तोवर काळी फेल्टची किंवा जरीची टोपी ही प्रतिष्ठेची मानली जाई. ब्रिटिश हिंदुस्थानात अनेक सरकारी शाळा व कचेऱ्यांतून गांधी टोपीला मनाई होती, त्यामुळे ती घालून शाळेत जाणे ही मुलाच्या पातळीवरची कायदेभंगाची कृती ठरे. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाने तिचे आकर्षण आणखी वाढविले. स्वातंत्र्यानंतर हीच टोपी शाळेच्या गणवेशाचा अधिकृत भाग बनली आणि बंडाचे चिन्ह हजेरीच्या वेळी तपासण्याची वस्तू झाले. एकोणीसशे सत्तरच्या दशकानंतर ती प्राथमिक शाळांतून मागे पडत गेली. आता ती १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत, तीही कागदाची, दिसते.

पांढरा सदरा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न

समारंभाचा पोशाख कोणी घालावा, हा प्रश्न या प्रदेशात दीर्घकाळ जातीशी बांधलेला होता. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील लोकांनी नवे, धुतलेले किंवा काठाचे कपडे घालून गावातून चालणे हे अनेक ठिकाणी गुन्ह्यासारखे मानले जाई, आणि मुलेही या नियमातून सुटलेली नव्हती. शाळेत वर्गाबाहेर बसविलेल्या मुलाच्या अंगावर चांगला सदरा असणेही काहींना खुपत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ च्या महाड येथील परिषदेत स्त्रियांना उद्देशून स्वच्छ व नीटनेटक्या पोशाखाचा आग्रह धरला, कारण वेषावरून जात ओळखता येऊ नये हे त्यांचे सूत्र होते. स्वतः त्यांचा सूट-बूट हा याच भूमिकेचा भाग होता. १९५४ मध्ये त्यांनी भंडारा मतदारसंघातून, ज्यात आजचा गोंदिया परिसर येत असे, लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. त्यात त्यांचा पराभव झाला, परंतु त्यांच्या विचारांचा या भागातील ठसा टिकून राहिला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेला लोक पांढरी वस्त्रे परिधान करून आले. ज्यांच्याकडे पांढरे कापड नव्हते त्यांनी ते विकत घेतले, घरी शिवले. तेव्हापासून पूर्व विदर्भातील बौद्ध कुटुंबांत मुलग्याचा समारंभाचा वेष म्हणजे पांढरा सदरा आणि पांढरी विजार असे समीकरण झाले. बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि घरातील मंगल परिणय या सर्व प्रसंगी तोच वेष असतो. १४ एप्रिलला निळा फेटा किंवा निळा गमछा त्याच्या जोडीला येतो. मुंजीचा किंवा दरबारी पोशाख जसा वंशपरंपरेने चालत आला, तसा हा आलेला नाही. तो एका दिवशी, जाणीवपूर्वक स्वीकारलेला आहे.

गोंड समाजातही अलीकडच्या दशकांत असाच एक समारंभाचा वेष ठरत गेला आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत मुलगे पांढऱ्या कपड्यांवर पिवळा फेटा किंवा पिवळा दुपट्टा घेतलेले दिसतात.

शाळेचा गणवेश

जिल्ह्यातील बहुसंख्य मुलांच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एकमेव औपचारिक पोशाख म्हणजे शाळेचा गणवेश होय. पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी. हेच कपडे शाळेत, हेच लग्नात, हेच मामाच्या गावी जाताना. वर्षातून एकदा, जूनमध्ये किंवा हातात पैसा आला की दिवाळीत, गावातील शिंपी मापे घेई. माप नेहमी ‘वाढत्या अंगाचे’ असे. सदरा गुडघ्याकडे झुकणारा, चड्डी पट्ट्याविना न टिकणारी, आणि खाली चार बोटे दुमड. मूल वाढेल तशी ही दुमड एकेक बोट सोडीत. सोडलेल्या दुमडीची जुनी रेघ कापडावर गडद रंगाने उमटून राही आणि चड्डी किती वर्षांची आहे हे तिच्यावरून कोणालाही सांगता येई. पहिल्या वर्षी ढगळ, दुसऱ्या वर्षी बेताची, तिसऱ्या वर्षी तंग, आणि चौथ्या वर्षी ती धाकट्या भावाकडे जाऊन पुन्हा ढगळ होई.

एकाच ताग्यातून सर्व भावंडांना कपडे शिवण्याची पद्धतही सार्वत्रिक होती. त्यात कापड वाचे आणि शिंप्याशी घासाघीस सोपी होई. विणकाम आणि शिवणकाम यांपैकी पहिले गावातून जवळजवळ संपले, दुसरे मात्र शिवणयंत्रामुळे वाढले. बाजाराच्या दिवशी झाडाखाली यंत्र मांडून बसणारा शिंपी फाटलेले शिवून देई, काज-बटण करी आणि ठिगळ लावी. ठिगळ लावलेली चड्डी ही लाजेची गोष्ट नव्हती, फाटकी ठेवणे ही होती.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आदल्या रात्री गणवेशाची विशेष तयारी चाले. सदरा रिठ्याने किंवा साबणाने धुऊन निळीच्या पाण्यातून काढीत, नंतरच्या काळात त्यात टिनोपॉल टाकीत. इस्त्री घरी नसे. पितळी तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडाने कापड दाबीत, किंवा ओलसर घडी उशाखाली ठेवून त्यावर झोपत. कॅनव्हासचे बूट ज्यांच्याकडे असत ते त्यांवर ओला खडू फिरवीत. बहुसंख्य मुले अनवाणी असत. पांढऱ्या रंगाची निवड कोणी आणि का केली, हे सांगणे कठीण असले तरी चिखलाच्या, धानशेतीच्या मुलुखात तो रंग मुलांच्या आयांना किती कष्ट देत असेल याचा विचार निवड करणाऱ्यांनी केला नसावा. टेरिकॉट हे मिश्र कापड आल्यावर धुण्याचे कष्ट कमी झाले. ते लवकर वाळे आणि सुरकुतत नसे. विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र ते अंगाला चिकटे.

अर्ध्या चड्डीतून लांब विजारीत जाणे हा मुलग्याच्या आयुष्यातील टप्पा होता, आणि तो बहुधा आठवीत हायस्कुलात गेल्यावर येई. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुडघ्यापर्यंतची तुमान सोडून पहिली लांब विजार मिळणे हे मोठे झाल्याचे लक्षण समजले जाई. हे साम्य योगायोगाचे नाही. दोन्हीकडे आखूड तुमान ही एकाच युरोपीय शालेय वळणातून आलेली आहे.

गणवेशाचा हेतू समता हा सांगितला जातो. प्रत्यक्षात त्याने काही काळ उलटेच घडविले. केंद्राच्या शिक्षण योजनेतून पहिली ते आठवीच्या सर्व मुली आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांना दोन गणवेश मोफत मिळत, आणि त्यासाठी दर गणवेशामागे ३०० रुपये, म्हणजे वर्षाला ६०० रुपये, अशी तरतूद असे. उरलेल्या मुलग्यांना काही मिळत नसे. एकाच बाकावरील दोन मुलांपैकी एकाच्या अंगावर नवा गणवेश आणि दुसऱ्याच्या अंगावर जुना, असा प्रकार त्यातून झाला. दारिद्र्यरेषेच्या जरासे वर असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा विडी कामगाराच्या मुलाला वगळणे वर्गात समजावून सांगता येण्याजोगे नव्हते. उलट ज्याला मिळाला त्याच्या गणवेशावरून त्याचा प्रवर्ग ओळखला जाई, हे त्याहून वाईट. २०२३ मध्ये राज्य शासनाने या उरलेल्या मुलग्यांनाही मोफत गणवेश आणि सर्वांना बूट-मोजे देण्याचा निर्णय घेतला.

त्यानंतर ‘एक राज्य, एक गणवेश’ हे धोरण आले. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात कापड राज्यस्तरावर खरेदी करून, महिला बचत गटांकडून शिवून घेऊन आकाशी सदरा आणि गडद निळी विजार असा नियमित गणवेश, शिवाय स्काऊट-गाईडसाठी दुसरा, देण्याचे ठरले. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले आणि मापांच्या तक्रारी झाल्या. ठरावीक आकारात, मूल न पाहता शिवलेले कपडे बसत नाहीत ही गोष्ट कोणत्याही गावच्या शिंप्याला ठाऊक होती. पुढील वर्षापासून खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आला. देवरी परिसरातील शासकीय आश्रमशाळांचा कारभार आदिवासी विकास विभागाकडे असल्याने तेथील व्यवस्था वेगळी आहे. तेथे पूर्वी वस्तुरूपाने मिळणारे गणवेश बंद होऊन रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा होऊ लागली.

तान्हा पोळा

जुना पोशाख आज ज्या प्रसंगी सर्वाधिक दिसतो तो म्हणजे तान्हा पोळा. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात होणारा हा मुलांचा सण नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात, १८०६ च्या सुमारास, सुरू झाला असे मानले जाते. मुले लाकडी नंदी सजवून चौकात आणतात, तोरणाखाली रांगेत उभी राहतात, आणि नंतर घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवितात. मुलग्यांचा वेष शेतकऱ्याचा असतो. आखूड धोतर, बंडी किंवा कुडता, खांद्यावर दुपट्टा, डोक्याला फेटा आणि हाती तुतारी. गोंदिया, तिरोडा, आमगाव अशा गावांत त्या दिवशी नंदी सजावटीच्या व वेशभूषेच्या स्पर्धा होतात.

येथील धोतर आता शिवलेले आणि इलॅस्टिक लावलेले असते, फेटा टोपीसारखा तयार मिळतो, आणि बंडीवर जरीची नक्षी असते जी कोणत्याही शेतकऱ्याच्या बंडीवर कधी नव्हती. मूळ बंडी आणि हा उत्सवी वेष यांत अंतर आहे. तरीही धोतराचा काष्टा, दुपट्ट्याची घडी आणि फेट्याचा पीळ यांची नावे मुलांच्या कानांवर पडतात ती याच दिवशी. काही घरांत आजोबा तयार फेटा बाजूला ठेवून कापडाचा फेटा स्वतः बांधून देतात. तो स्पर्धा संपेपर्यंत क्वचितच टिकतो.

सद्यःस्थिती

लग्नसराईत मुलग्यांसाठी शेरवानी, जोधपुरी कोट, जाकीट-कुडता आणि तीन तुकड्यांचा सूट हे तयार प्रकार गोंदियाच्या बाजारात मिळतात. त्यांतील बराचसा माल राज्याबाहेरून येतो. एका समारंभापुरते भाड्याने कपडे घेण्याची सोयही वाढली आहे, म्हणजे जुन्या छायाचित्रकारांच्या कोटांची प्रथा नव्या रूपात परतली आहे. वाढत्या अंगाचे कपडे शिवण्याची पद्धत जवळजवळ संपली. तयार कपडे वयाच्या आकड्यावर विकले जातात, आणि आया अजूनही दोन वर्षे पुढचा आकडा मागतात. कुंची मात्र टिकून आहे. बारशाच्या वेळी ती बहुधा आजोळहून येते, आणि अनेक घरांत ती खरेदी न करता जुन्या पैठणीच्या किंवा करवतकाठी लुगड्याच्या पदरातून शिवली जाते.